तू पपई सोडलीस तेव्हा

अक्का, तू पपई खाणं सोडलंस तो दिवस मला नीट आठवतो. भाऊबीज होती. आपल्याच मळ्यातली, झाडावर पिकलेली पपई मी चिरली आणि सगळ्यांच्या हातात बशा दिल्या. तू तुझी बशी घेतलीस, क्षणभर बघितलीस आणि पोरीपुढे, चैतालीपुढे ठेवलीस. "तू खाय. माले नको." एवढंच बोललीस. मी मनात म्हटलं, बसली रुसून. आदल्याच आठवड्यात आपलं पपईवरून वाजलं होतं, आणि तुझा रुसवा किती दिवस टिकतो हे मला अठरा वर्षांत चांगलं ठाऊक झालं होतं.

तो रुसवा नव्हता. हे मला कळायला सहा महिने लागले, आणि तेवढ्यात सगळं हातचं गेलं.

तेराव्याला आलेल्या बायका तुझ्या फोटोला हळदकुंकू लावून म्हणत होत्या, अक्का नशीबवान, कपाळावर कुंकू घेऊन गेली. मला त्यांना हाताला धरून बाहेर काढावंसं वाटत होतं. मी मान खाली घालून वाढत राहिले. पाहुणे पांगले, घर रिकामं झालं, आणि तुझ्याशी बोलायचं राहिलेलं सगळं वर आलं. तू समोर असतीस तर आपण दुसऱ्याच वाक्याला भांडलो असतो. आता तरी मला पुरतं बोलू दे.

मी या घरात आले तेव्हा तुला 'तुम्ही' म्हणायचे. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेली मुलगी, मोठ्या जावेला एकदम अरेतुरे कसं करणार? पहिल्याच वर्षी एकदा चिडून माझ्या तोंडून 'तू' निघालं, आणि रागवायचं सोडून तू हसलीस. म्हणालीस, आता झालीस घरची. तेव्हापासून तू ती तूच.

त्याच वर्षी तू मला तुझे पाळीचे नियम सांगितलेस. आमच्या कॉलनीत आई चारही दिवस स्वयंपाक करायची, देवाला हात लावायचा नाही एवढंच काय ते. इथे मात्र चूल नाही, लोणच्याची बरणी नाही, मळ्यात पाय ठेवायचा नाही. खाण्याची तर यादीच होती. पपई गरम, केळी थंड, दही नाही, चिंच नाही, लिंबू नाही. खायची ती दादर ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, गूळ आणि शेंगदाणे, भाकरीवर साजूक तूप. मी आईला फोन करून रडले होते. फळांच्या मळ्यात दिलंत मला आणि इथे फळच खाऊ देत नाहीत, असं म्हणाले होते.

पण एक गोष्ट मी आईला सांगितली नाही. एकदा पाळीच्या दुसऱ्या दिवशी माझी कंबर मोडून आलेली असताना सासूबाईंनी मला कापूस वेचायला बोलावलं. तू दारात आडवी उभी राहिलीस. ती बाजूला बसलीय, तिला शेतात नेऊ नका, असं त्यांना ठणकावलंस. त्यांचाच नियम त्यांच्यावर उलटवलास, त्यांना काही बोलता येईना. मी दुपारी चारपर्यंत झोपले. उठले तेव्हा उशाशी गूळ होता आणि झाकून ठेवलेली गरम भाकरी होती. तुझ्या नियमांना मी पुढे आयुष्यभर नावं ठेवली, पण त्यांच्या आडोशाने मी जेवढी झोपले तेवढी नंतर कधीच झोपले नाही. हे तुला सांगायला हवं होतं. भांडणात माझी बाजू लंगडी पडेल म्हणून सांगितलं नाही.

पुढे मी गावच्या अंगणवाडीत सेविका झाले. प्रशिक्षण घेऊन आले, भिंतीवर फळांचे तक्ते लावले, आणि मला सगळं कळतं असं मला वाटायला लागलं. त्याच हिवाळ्यात आपण दोघी मळ्यात उतरवलेली फळं कागदात गुंडाळत बसलो होतो. चीक लागून तुझी बोटं सोललेली होती. मी सहज विचारलं, तुझा पपईवर एवढा राग का? त्यावर तू मान वर न करता सांगितलंस. तुझ्या लग्नाचं दुसरं वर्ष, तिसरा महिना लागलेला. भर दुपारी भूक लागली म्हणून याच मळ्यात बसून तू अख्खी पपई खाल्लीस. तिसऱ्या दिवशी सगळं गेलं. सासूबाईंनी गावभर केलं, की हिने पपई खाऊन घालवलं. त्यानंतर तुला दिवस राहिलेच नाहीत.

मला वाटलं, आता या बाईचं मोठं ओझं मी उतरवणार. मी म्हटलं, अक्का, पिकलेल्या पपईने असं होत नाही. पहिल्या तीन महिन्यांत कितीतरी जणींचं असं जातं, कारणही कळत नाही. तू हातातला कागद खाली ठेवलास.

"पपईनं नही, मंग कसानं? माले सांग."

प्रशिक्षणात याचं उत्तर शिकवलं नव्हतं आणि अजूनही मला ते येत नाही. मी तुझा दोष काढून घ्यायला गेले आणि तुझ्याजवळ होतं नव्हतं ते कारणही काढून घेतलं. तू कागद उचलून पुन्हा फळं गुंडाळायला लागलीस. ते भांडण तसंच राहिलं.

मग चैताली आली. जन्म मी दिला, पण तिला तुझ्या मांडीशिवाय झोप यायची नाही. तुला मोठी आई म्हणायची आणि मला नुसतीच आई. तेराव्या वर्षी तिला पाळी आली आणि आपल्या दोघींत खरी लढाई जुंपली. मी तिला पपई चिरून द्यायचे, तू बशी उचलून न्यायचीस. मी केळं द्यायचे, तू गूळ द्यायचीस. पोरगी हुशार. अंगणवाडीत माझ्यासमोर फळ खायची, घरी तुझ्यासमोर नको म्हणायची. दोघींना खूश ठेवायची सवय तिला तेव्हाच लागली. त्या सवयीचं पुढे काय झालं, ते येतंच आहे.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर ती पंधराची झाली होती. पाळीच्या दुसऱ्या दिवशी तिने तुझ्यादेखत पपईची फोड तोंडात टाकली. तू नेहमीसारखी बोललीस, उद्या पोट धरून बसशील तेव्हा मला सांगू नकोस म्हणून. त्यावर मी जे बोलले, ते जसंच्या तसं सांगते. "तुझं जे झालं ते झालं, अक्का. तुझी भीती माझ्या पोरीच्या पोटात घालू नकोस." माझी पोर, असं म्हणाले मी. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. तू चुलीपुढून उठून गेलीस.

म्हणून भाऊबीजेला तू बशी नाकारलीस तेव्हा मला कोडं पडलं नाही. मला वाटलं, माझे शब्द लागलेत. माफी मागायला हवी असंही वाटलं. पण मी म्हटलं, आधी तिने बोलावं.

थंडीत चैतालीचं पॅडचं पाकीट पंधरा दिवसांतच संपायला लागलं. मी विचारलं तर म्हणाली, जास्त जातंय. मी तिला तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं, रक्त तपासलं. रक्त चांगलं निघालं. डॉक्टर पाळीबद्दल विचारत होते आणि ती खाली बघून उत्तरं देत होती. तरी मी लोहाच्या गोळ्या सुरू केल्याच. घरी येऊन सगळा राग तुझ्यावर काढला. तुझ्या भाकरी-गुळापायी पोरीच्या अंगात काही राहिलं नाही, असं स्वयंपाकघरात उभं राहून तुला सुनावलं. चैताली दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, अशक्तपणाने.

तू चैतालीकडे बघितलंस. मग म्हणालीस, "पोरीले काय खावानं ते खाऊ दे."

मी जिंकले होते. अक्का, मी खरंच माझ्या नवऱ्याला, तुझ्या दिराला, जाऊन सांगितलं, की अखेर अक्का हरली. तो म्हणाला, अक्का अशी हरणारी नाही, काहीतरी बिनसलंय तिचं. मी त्याला गप्प केलं.

त्यानंतर तुझे गुडघे दुखायला लागले. मधूनच चार दिवस तू चुलीकडे फिरकायची नाहीस, मग पुढे आठ दिवस, पुढे पुढे रोजच. मला म्हणायचीस, आता तू बघ घर. मी मनातून सुखावले. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, पितरांची घागर भरायचा मान तुझा. सासूबाई गेल्यापासून दरवर्षी तूच भरायचीस. या वर्षी तू उंबऱ्याबाहेर उभी राहिलीस आणि मला सांगत गेलीस, आधी सूत गुंडाळ, आता वर आंबा ठेव. स्वतः हात लावला नाहीस. नंतर पानात आमरस आला तर दात आंबलेत म्हणालीस. सगळं घर वर्षाचा पहिला आंबा खात होतं आणि तू मुगाचं वरण भाकरीत कुस्करत होतीस. तुझ्या ताटात काय होतं ते मी बघितलं, अक्का. दादरची भाकरी, मुगाचं वरण, गूळ. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला तूच वाढलेलं ताट. गावातल्या बायकांना मी फळ्यावर लिहून शिकवते, की पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी ताबडतोब डॉक्टरला दाखवायचं. आणि माझ्या घरात, माझ्या समोर ते ताट होतं, आणि मी तुला आणखी गूळ वाढला.

आखाजीनंतर आठवड्याभरात तू अंगणात पडलीस. उचलताना मी तुझं लुगडं बघितलं. शिरपूरला नेलं, तिथून धुळ्याला. धुळ्याच्या डॉक्टरांनी मला आणि थोरल्या दिरांना, भाऊंना, बाहेर बोलावून सांगितलं, की गर्भाशयाचा कॅन्सर आहे, पसरलाय, आता शस्त्रक्रियेने काही व्हायचं नाही. कित्येक महिन्यांपासून रक्त जात असणार, लवकर आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती, असंही म्हणाले. भाऊ, तुझ्याशी पस्तीस वर्षं संसार केलेला माणूस, त्यांना यातलं काय विचारावं हेसुद्धा माहीत नव्हतं.

वॉर्डात मी तुझ्यासाठी पपई चिरून नेली. डॉक्टरांनी वाटेल ते खाऊ द्या म्हटलं होतं. तू तोंड फिरवलंस. माझा तोल गेला. मी म्हटलं, मरणाच्या दारातही हट्ट सोडणार नाहीस का? तेव्हा तू माझ्याकडे असं बघितलंस, की या बाईला एवढंही कळू नये.

"कशी खाऊ वं? चालू शे अजून."

मी विचारलं, काय चालू आहे?

"दिवायीपाईन चालू शे. पपई सोडी दिनी, आंबट सोडी दिनं. तरी थांबस नही."

मी बशी खाली ठेवली. दिवाळीपासून रक्त जात होतं आणि तुला वाटलं होतं, पाळी परत आली. म्हणून तू पाळीचे सगळे नियम पाळलेस. फळं सोडलीस, दही सोडलंस, चूल सोडलीस, पितरांची घागर सोडलीस. खाणं नीट सांभाळलं की थांबेल, अशी वाट बघत राहिलीस. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तू म्हणालीस, "या वयमा पाळी उनी म्हनीसन लोके हासतीन." आणि मग, मी तर तुझ्या भीतीला आधीच हसले होते असं म्हणालीस. मी हसले नव्हते. पण तुला तसं वाटावं असं मी वागले होते.

कपडा वापरावा तर धुऊन वाळत घालावा लागतो, आणि तुझ्या वयाच्या बाईचा कपडा दोरीवर दिसला की विचारपूस होते. म्हणून तू चैतालीकडे पॅड मागितलीस. हेही तूच सांगितलंस, माझा हात धरून. "पोरीले बोलू नको. मीच तिले आन घालेल शे." मी कबूल केलं. मी तिला एका शब्दाने बोलले नाही. तू गेलीस तोवर नाही, नंतरही नाही. ती मात्र तुझ्यामागे वाळत गेली. ताटावरून उठायची, कुणी तुझं नाव काढलं की बाहेर जायची. मला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. बघ, तुझ्याकडून शिकायचं ते मी अजून शिकलेच नव्हते.

तेराव्यानंतर तुझी लुगडी नात्यातल्या बायकांना द्यायला म्हणून भाऊंनी तुझी पेटी उघडली. मी होते, चैताली होती. तळाशी, तुझ्या लग्नातल्या शालूखाली, पॅडचं अर्धं पाकीट निघालं. जन्मात कधी तू दुकानातून असली वस्तू आणली नव्हतीस, हे भाऊंनाही कळत होतं. त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. बघत राहिले. चैतालीने दाराची चौकट धरली.

"हाई तिले कोनी दिनं?" भाऊंनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. "मला माहीत होतं."

"माहीत व्हतं," भाऊ म्हणाले, "आनि तू गप ऱ्हायनी."

ते पूर्ण खोटंही नव्हतं, अक्का. तुझं ताट मी बघितलंच होतं. भाऊंनी पेटीचं झाकण लावलं आणि मळ्यात निघून गेले. रात्री माझ्या हातचं जेवले नाहीत. तुझा दीर मला विचारत होता, हे खरं का म्हणून. मी त्यालाही हो म्हटलं. मला वाटलं, हे मी पेलेन. अर्धं तर माझंच आहे.

सकाळी चैताली माझ्यापुढे येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, तू खोटं का बोललीस?" म्हणजे तिला कळलं, की पॅड तिने दिली हे मला ठाऊक आहे. मी हातातलं काम न सोडता म्हटलं, तू गप्प बस, मोठ्या आईची आण आहे ना तुला. बोलून गेले आणि माझंच मला भय वाटलं. तू घातलेली आण आता मी तिला परत घालत होते. तुला गप्प राहून काय मिळालं ते आपण दोघींनी बघितलंय. आणि मी पोरीला तेच हातात देत होते, पुन्हा तिच्या भल्यासाठी म्हणूनच.

मी हात धुतले आणि तिला जवळ घेतलं. मग ती जे बोलायला लागली ते थांबेना. मी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांतल्या अर्ध्या ती तुला द्यायची. तिला वाटायचं, मोठ्या आईचं रक्त भरून येईल. एकदा तिने तुला सांगितलंही होतं, की आईला सांगूया, आईला यातलं कळतं. तू नाही म्हणालीस. आता ती मला विचारत होती, मी आण मोडली असती तर मोठी आई वाचली असती का?

तू मळ्यात विचारलं होतंस तसाच प्रश्न. या वेळी मी तक्त्यावरचं उत्तर दिलं नाही. म्हटलं, मला माहीत नाही. पण पंधरा वर्षांच्या मुलीने ते ठरवायचं नव्हतं. ते आम्हा मोठ्यांचं काम होतं आणि आम्ही ते केलं नाही.

ती म्हणाली, "मोठ्या बाबांना मी सांगते. ते मला परत जवळ करतील का?" तेही मला माहीत नव्हतं. मी बरोबर येते म्हटलं. ती नको म्हणाली.

तेव्हा अक्का, तुझी आण मोडली. राग मानायचा तर माझ्यावर मान, मीच जा म्हटलं.

भाऊ ओसरीवर बसले होते. मी आत दाराच्या कडीला धरून उभी राहिले, त्यांचा आवाज चढला तर मध्ये पडायचं ठरवून. चैताली त्यांच्यासमोर उभी राहून सगळं एका दमात बोलली. पॅड मी देत होते. दिवाळीपासून. आईला माहीत नव्हतं, आई खोटं बोलली. भाऊ ऐकत होते. बोलून झाल्यावरही ती तशीच उभी होती आणि ते तसेच बसले होते.

मग भाऊंनी तिला विचारलं, जे तुला त्यांनी पस्तीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

"तिले खूप दुखे का वं?"

"हो," चैताली म्हणाली.

भाऊ थोडे बाजूला झाले आणि त्यांनी तिला बसायला जागा करून दिली.